सिहोऱ्याच्या यादीतलं नाव

गेली अकरा वर्षं भंडाऱ्यातल्या एका भागाची मतदारयादी माझ्याकडे आहे. नोकरी शिक्षिकेची, पण सरकारने सोबत हेही काम गळ्यात टाकलं: बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. अधिकारी या शब्दाने कुणी हुरळून जाऊ नये. शाळा सुटली की पिशवीत यादी, पेन आणि पाण्याची बाटली घ्यायची, दारोदार फिरायचं, कुत्री चुकवायची आणि "साहेब घरात नाहीत, उद्या या" हे ऐकून परत यायचं, एवढाच काय तो अधिकार. मतदानाच्या दिवशी नाव सापडलं नाही की मात्र हेच साहेब माझ्या अंगावर धावून येतात.

पण खोटं कशाला बोलू, मला या कामाचा गर्व होता. माझी यादी तहसीलमध्ये नमुना म्हणून दाखवायचे. गेलेला माणूस माझ्या यादीत तेरवीनंतर टिकत नसे. लग्न होऊन आलेली सून आठवड्यात यादीत यायची, सासरी गेलेली लेक तितक्याच तत्परतेने बाहेर जायची. कुणाचंही नाव मी विचारल्याशिवाय हलवलं नाही. एकच हलवलं, आणि ते माझ्या मायचं.

माय सिहोऱ्याची. खरं म्हणजे तिचं माहेर आंबागड, किल्ल्याच्या पायथ्याचं. पण मतदानाचं वय होण्याआधीच ती नांदायला आली, त्यामुळे माहेरच्या यादीत तिचं नाव कधी लागलंच नाही. सिहोऱ्याची यादी तिची पहिली, आणि तिच्या मते शेवटची.

मायची रोवण्याची टोळी होती, आठ बायांची. धानाचा रोवणा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते. गुडघाभर चिखलात बाया एका ओळीत वाकून उभ्या राहतात, मुठीतले परे, म्हणजे धानाची रोपं, लावत लावत मागे सरकतात. एखादी मागे पडली तर आजूबाजूच्या दोघी तिच्या वाट्याच्या दोन दोन मुठी लावून टाकतात, बोलत काही नाहीत. ओळ वाकडी होऊ द्यायची नाही हा टोळीचा कायदा होता. तो कुणी लिहिला नव्हता, आणि मोडलाही नव्हता.

मतदानालाही तोच कायदा. विधानसभेची निवडणूक आमच्याकडे बहुतेक धान कापणीच्या दिवसांत येते. आठही जणी दुपारपर्यंत कापायच्या, मग बोडीवर, म्हणजे शेतालगतच्या लहान तळ्यावर, हातपाय धुवायच्या, कंबरेला खोचलेले पदर सोडून नीट घ्यायच्या आणि धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, एकामागे एक शाळेकडे निघायच्या. सुटीचा दिवस असायचा, म्हणून मीही मागे मागे जायची. उमेदवारांचे ट्रॅक्टर वाटेत थांबायचे. "बसा ना बाई, सोडून देतो." त्यात सगळ्यांत वयाने मोठी जी बाई होती ती म्हणायची, "आमाले पाय हायेत. तुमालेच नसन तं तुमी बसा." ट्रॅक्टरवाला हसत निघून जायचा.

धान कापणाऱ्या बाईच्या डाव्या हाताचं पहिलं बोट नेहमी फाटलेलं असतं, कारण धानाची मूठ त्याच हातात धरतात आणि विळा चुकला की तिथेच लागतो. म्हणून सगळ्यांच्या बोटाला चिंध्या असायच्या. शाई लावणारे गुरुजी कंटाळून म्हणायचे, "ते फडकं सोडा बाई." माय फडकं सोडायची. शाई जखमेत चुरचुरली की ती तोंडातून आवाज काढायची नाही, फक्त डोळे बारीक करायची. मी दारातून बघत असायची आणि माझंच बोट दुखल्यासारखं व्हायचं.

परत येताना कुणी कुणाला विचारत नसे. तोही कायदाच. एकदा वडिलांनी जेवताना विचारलं, "कोनाले टाकलं?" माय म्हणाली, "पेटीत टाकलं." वडील हसले आणि पुन्हा कधी त्यांनी विचारलं नाही. आज आम्हाला प्रशिक्षणात गुप्त मतदानावर तासभर शिकवतात. मला प्रत्येक वेळी मायचं ते उत्तर आठवतं आणि मी खाली मान घालून हसते.

टक्का वाढवायला आम्ही आता काय काय करतो! प्रभात फेऱ्या काढतो, रांगोळ्या घालतो, पोरांकडून आईबापाला पत्रं लिहवून घेतो. माझ्या भागातले शिकलेसवरलेले लोक ती पत्रं वाचतात, मास्तरणीचं कौतुक करतात आणि मतदानाच्या सुटीला गाडी काढून नागपूरला जातात. सिहोऱ्याच्या त्या आठ बायांना कुणी पत्र लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तरी सहा जणींना वाचता आलं नसतं.

वडील गेले आणि सिहोऱ्याच्या घराला कुलूप लावून मी मायला भंडाऱ्याला आणलं. मी एकुलती एक. लेकीच्या घरी राहायला ती तयार नव्हती, पण गुडघ्यांनी घात केला. एक पेटी, एक गाठोडं आणि स्वतःचा पाट घेऊन ती आली. तिला मागची खोली दिली. पंखा, टीव्ही, औषधं, सगळं हाताशी. माझा नवराही तिच्याशी माझ्यापेक्षा गोड बोलायचा. तरी ती खोलीत पाहुण्यासारखी बसायची. पेटी तिने कधी पूर्ण उघडली नाही. लागेल ते लुगडं काढायची आणि झाकण लावायची. "इथं कोनी मले वळखत नाही," म्हणायची. मी म्हणायची, "होईल ओळख." माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार असतं. तो शिक्षिकेचा रोग आहे.

त्याच सुमाराला यादीच्या पुनरीक्षणाची मोहीम आली. नियम सरळ आहे: माणूस जिथे राहतो तिथे त्याचं नाव. हा नियम मी हजार लोकांना ऐकवलेला. मग माझ्याच घरात राहणाऱ्या बाईचं नाव सिहोऱ्यात कसं चालेल? रेशन कार्डाचे, आधारचे, निवृत्तिवेतनाचे कागद करायचे होतेच. त्या गठ्ठ्यात मी नाव हलवण्याचा अर्जही ठेवला.

"कायची सही व्हय?" मायने विचारलं.

"कागद हायेत, माय. कर."

प्रौढ साक्षरता वर्गात शिकलेली सही तिने एकेक अक्षर जुळवत केली. अर्ज वाचल्याशिवाय सही करू नका, हे वाक्य मी दारोदार बोलत आले. माझ्या मायला मी तेवढं एकच वाक्य बोलले नाही. मला वाटलं, यात सांगायचं काय? माझं नावही लग्नानंतर असंच सिहोऱ्याहून भंडाऱ्याला आलं होतं. मला तरी कुणी विचारलं होतं?

दोन वर्षं कुणाला काही कळलं नाही. मग सिहोऱ्याहून फोन आला. रोवण्याच्या ओळीत मायच्या डाव्या हाताला जी बाई जन्मभर उभी राहिली, जिला मी मावशी म्हणते, ती ग्रामपंचायतीला उभी राहिली होती. महिलांसाठी राखीव जागा. मावशी माहेरीसासरी कुठेच चार माणसांत बोललेली बाई नाही, पण टोळीतल्या बायांनी तिला उभी केली. माय फोनवर इतकी हसली की तिला खोकला लागला. फोन ठेवून म्हणाली, "मले मत टाकाले जा लागते."

तिचं नाव आता कुठल्या यादीत आहे ते फक्त मला ठाऊक होतं.

सांगायला माझ्याकडे आठ दिवस होते. रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. सांगितलं काय, तर, "माय, ऊन हाये, गुडघे दुखतीन, नको जाऊ." ती भडकली. "कापनीच्या उन्हात गेली मी, आता बशीनं जाले काय होते?" तिने पेटी तळापर्यंत उघडली आणि खालचं हिरवं, जरीकाठाचं लुगडं काढलं. भंडाऱ्यात आल्यापासून ते मी पहिल्यांदा पाहिलं.

मतदानाच्या दिवशी मी रजा टाकली आणि तिच्यासोबत निघाले. तुमसरला गाडी बदलायला दोन तास गेले. माय खिडकीशी बसून मला धानाची एकेक बांधी दाखवत होती, इथे आम्ही रोवलं, इथे मी सापावर पाय दिला होता, इथे तुझा बाप जेवण घेऊन यायचा. मी हो हो करत होते आणि मनात देवाचा धावा चालू होता, की सिहोऱ्याच्या बीएलओने आळस केलेला असू दे. अर्ज कुठेतरी अडकलेला असू दे. दुसऱ्यांच्या याद्यांतल्या चुका काढून ज्या बाईने नाव कमावलं, ती आयुष्यात पहिल्यांदा यादीत चूक असावी म्हणून नवस बोलत होती.

आठांपैकी एक आता नाही. मावशी उमेदवार, तिने सकाळी केंद्र उघडताच मत टाकलं होतं आणि ती शाळेपासून लांब, हद्दीबाहेर हात जोडून उभी होती. माय सोडून उरल्या पाच. त्या पाचही जणी सगळ्यांत मोठ्या बाईच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, सकाळपासून मायसाठी बसून होत्या. दोनदा कार्यकर्ते बोलवायला येऊन गेले होते. "आमची एक बाई यायची हाये," एवढंच सांगून त्यांना परत पाठवलं होतं. मायला बघितल्यावर कुणी रडलं नाही की गळ्यात पडलं नाही. मोठी बाई म्हणाली, "उशीर केलीस वो," आणि सगळ्या उठल्या. सहा जणी एकामागे एक शाळेकडे निघाल्या. मोठी बाई काठी टेकत पुढे, माय तिच्या मागे. मी शेवटी. पन्नाशीला आलेली बाई मी, पण त्या रांगेच्या मागे चालताना मला माझी फ्रॉकमधली उंची आठवली.

शाळेबाहेर टेबल टाकून तिथला बीएलओ बसला होता. तरुण मास्तर, नीटनेटका, प्रत्येक नावाखाली पट्टी ठेवून बघणारा. त्याने मायचं कार्ड घेतलं, यादी चाळली, पुन्हा चाळली.

"नाव नाही, आजी."

"नीट पाय ना बापू," मोठी बाई म्हणाली. "चाळीस वर्सं झाली, आमच्यासंगच रायते तिचं नाव."

मास्तराची नजर माझ्याकडे गेली आणि त्याचा चेहरा खुलला. तहसीलच्या प्रशिक्षणात त्याने मला पाहिलेलं. "अरे मॅडम, तुम्ही! यांचं नाव तर भंडाऱ्याला गेलंय. अर्ज तुमच्याकडूनच आला होता ना? एकदम परफेक्ट भरलेला, एक चूक नाही."

माय माझ्याकडे वळली. "कोनं केला अर्ज?"

"मी, माय."

"मले काहून नाही सांगतलं?"

 जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. पाच बाया माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांतल्या प्रत्येकीने मला लहानपणी कडेवर घेतलेलं.

मोठी बाई शाळेच्या कुंपणाबाहेरच्या कडुलिंबाखाली गेली आणि खाली बसली. बाकीच्या चौघी तिच्या मागे. "थे नाही तं आमीबी नाही," ती म्हणाली. "ओळ मोडून नाही जात आमी."

तिकडे हद्दीबाहेर मावशीला कुणीतरी सांगितलं असावं. तिला पुढे येता येत नव्हतं. ती तिथूनच टाचा उंच करून बघत होती. तिच्या प्रभागात मतं ती किती, त्यात घरची पाच मतं खाली बसलेली. पाच वाजून गेले होते, साडेपाचला मतदान बंद होणार होतं. मास्तर माझ्याकडे बघत होता, जणू मॅडमकडे यावरही नियम असेल. माझ्याकडे फक्त नियमच होता, आणि तो मी वापरून बसले होते.

माय त्यांच्यापुढे जाऊन कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "उठा वो बायाहो. तिले उभी कोनं केली? आपुनच ना? आता तिले येकटीले सोडता का? तुमी बसल्या तं माहं नाव येनार हाये का यादीत?"

मोठ्या बाईने काठी मांडीवर आडवी ठेवली.

"मागं पडलेलीच्या मुठी आपुन लावत होतो का नोतो?" माय म्हणाली. "मी मागं पडली. माह्या वाट्याच्या तुमी लावा. चाला."

मोठ्या बाईने काठी टेकली आणि ती उठली.

आत मोबाइल नेता येत नाही. पाचही जणींनी आपापले फोन कंबरेतून, पिशवीतून काढून मायच्या ओटीत टाकले आणि आत गेल्या. माय कडुलिंबाखाली बसली. जरीकाठाच्या पदरात पाच मोबाइल. एक वाजला. मायने तो उलटसुलट करून कानाला लावला. "थे मत टाकाले गेली व्हय. मंग लाव." पुन्हा दुसरा वाजला. "मत टाकाले गेली." तिसऱ्यांदा ती हेच म्हणाली तेव्हा तिचा आवाज फाटला. तिने पदराचं मोकळं टोक तोंडाला लावलं. मी दहा पावलांवर उभी होते आणि जवळ जायची माझी हिंमत झाली नाही.

मावशी निवडून आली. चांगल्या फरकाने आली, पाच मतांवर काही अडलं नव्हतं. निकालाच्या दिवशी मी मायला हे मुद्दाम सांगितलं. माझा उद्देश चांगला होता, पण माझे उद्देश नेहमीच चांगले असतात. माय म्हणाली, "तिले नोती गरज. मले होती."

पुढे लोकसभा आली. माझ्या यादीत मायचं नाव होतं आणि केंद्र घरापासून पाच मिनिटांवर. ऊन फार आहे म्हणाली, गेली नाही. विधानसभेला थंडी पडू लागलेली, उन्हाचं कारण राहिलं नव्हतं. मी सकाळी तिची चिठ्ठी घेऊन खोलीत गेले.

"चल माय, मत टाकून ये."

"कोनासंग जाऊ?"

"माह्यासंग चाल ना."

ती आली. साधं घरातलं लुगडं नेसून आली. रांगेत आमच्या पुढे एक गृहस्थ कानात यंत्र घालून कुणाशी तरी बोलत होते, मागे दोन मुली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मायच्या बोटाला आता चिंधी नसते. शाई लागली, बटण दाबलं, बाहेर आलो, सगळं मिळून सहा मिनिटं. दारात येऊन ती थांबली. डाव्या बाजूला बघितलं, उजव्या बाजूला बघितलं. मी विचारलं, "काय पाहून राहिली?" ती म्हणाली, "काही नाही. चाल." ती टोळीची वाट बघत होती. तिच्या पायांना अजून वाटत होतं की बाकीच्या आत आहेत.

चार दिवसांनी ती म्हणाली, "माहं नाव वापस सिहोऱ्याले नेऊन दे."

"तसं नाही होत माय. माणूस जिथं राहते तिथंच नाव राहते."

"मंग मी तिथं राहीन," ती म्हणाली.

मी गुडघे काढले, डॉक्टर काढला, लोक काय म्हणतील तेही काढलं. ती ऐकत बसली. शेवटी म्हणाली, "तुह्या मावशीचं घर आपल्या घराले लागून हाये. सकाळी दारातून आवाज देते थे. इथं मले कोन आवाज देते?" मी चिडले. मग रडले. नवरा म्हणाला, तिला जाऊ दे. मी त्याच्यावरही चिडले.

या वेळी अर्जातली ओळ न् ओळ मी तिला वाचून दाखवली. नाव, वय, सध्याचा पत्ता, नवीन पत्ता. तिने मध्येच थांबवून दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. मग तिने अक्षर जुळवत सही केली. रविवारी पेटी, गाठोडं आणि पाट घेऊन आम्ही तिला सिहोऱ्याला सोडून आलो. मावशी आणि मोठी बाई अंगण सारवून बसल्या होत्या. माय गाडीतून उतरली आणि मागे न बघता आत गेली. मला राग आला, आणि तिला किती दिवसांनी इतक्या भरभर चालताना बघतेय हेही त्याच वेळी लक्षात आलं.

मग माझ्या यादीचं काम उरलं. जुन्या पत्त्यावर दारात जाऊन खात्री करायची, शेजाऱ्याची साक्ष घ्यायची, तेव्हाच नाव वगळायचं. सोमवारी शाळा सुटल्यावर मी पिशवीत यादी घेऊन माझ्याच घरी गेले. शेजारच्या काकूंना बोलावलं. त्या हसल्या, "मॅडम, तुमच्याच आईचं मला काय विचारता?" मी म्हटलं, विचारावं लागतं. मागच्या खोलीत उभं राहून मी विचारलं, "या इथे राहतात का?"

काकूंनी रिकाम्या खोलीकडे बघितलं. "नाही," त्या म्हणाल्या.

मी मायच्या नावासमोर लिहिलं, "या पत्त्यावर राहत नाही." अकरा वर्षांत मी हे वाक्य शेकडो वेळा लिहिलं असेल. या वेळी लिहिताना कळलं की ती आज गेलेली नाही, ती इथे राहायला कधी आलीच नव्हती, आणि माझ्या त्या नमुनेदार यादीत एवढी वर्षं एक चुकीचं नाव होतं.